मुंब्र्यातले घर कितीला पडते?

डोंगरी, भेंडी बाजार, नळ बाजार, मदनपुरा या भागांतून तरुण कुटुंबे बाहेर पडून मुंब्रा, कौसा, मीरा रोड, नालासोपारा इकडे राहायला जातात, ही गोष्ट नवी नाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतील असंख्य मुस्लिम कुटुंबांनी जिवाच्या भीतीने मुंब्र्याची वाट धरली आणि खाडी व पारसिकचा डोंगर यांच्यामध्ये वसलेले हे गाव पाहता पाहता शहर झाले. आज जाणारा माणूस मात्र बहुधा जागेसाठी जातो. दीडशे चौरस फुटांची खोली, तीत आई-वडील, धाकटा भाऊ, लग्नाची बहीण आणि आता स्वतःची बायको-मुले. अशा संसारात पोटमाळ्यावर किती दिवस काढायचे, हा त्याचा सवाल रास्त आहे.

मंगलदास मार्केट आणि मूळजी जेठा मार्केटमधील सेल्समन, मेहताजी व लहान दुकानदार यांच्याकडून आम्हाला नेहमी एकच प्रश्न ऐकायला मिळतो. “मुंब्र्यात वन रूम किचन अमुक लाखांना मिळत आहे, घेऊ का?” या प्रश्नात एकच आकडा असतो. कापडाच्या सौद्यात असा प्रश्न कोणी केला तर लोक हसतील. भिवंडीत ग्रे कापडाचा मीटरचा भाव ऐकून कोणी माल उचलत नाही. त्यावर टेम्पोचे भाडे, प्रोसेस हाऊसची मजुरी, धुलाई-रंगाईत कापड किती आटणार, फोल्डिंगमध्ये किती कमी भरणार, दलाली किती आणि पैसे किती दिवसांनी वसूल होणार, एवढे सर्व मांडल्यावर माल दुकानात येऊन कितीला पडला ते कळते. शंभर मीटर ग्रे म्हणजे शंभर मीटर विकाऊ कापड नव्हे, हे मार्केटमधला पोऱ्यादेखील जाणतो. परंतु तोच माणूस आयुष्यभराची कमाई घरात घालताना चौरस फुटाच्या भावावर भुलतो.

तेव्हा प्रथम आटण्याचाच हिशेब घेऊ. दलाल जे क्षेत्रफळ सांगतो ते बहुतेक वेळा सुपर बिल्टअप असते. त्यात जिना, लिफ्ट, भिंती, गच्ची यांचा वाटा धरलेला असतो. गादी अंथरायला मिळते ती जागा म्हणजे कार्पेट. रेरा कायद्यानुसार बिल्डरने कार्पेट क्षेत्रफळावरच विक्री केली पाहिजे आणि करारनाम्यात तोच आकडा आला पाहिजे. म्हणून फ्लॅट पाहायला जाताना खिशात मोजपट्टी न्यावी. ६०० फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट मोजल्यावर ४०० भरला, तर भाव ४०० वर काढावा आणि मग शेजारच्या इमारतीशी तुलना करावी.

आता वरखर्च. उदाहरणादाखल समजा, तयार इमारतीतला जुना फ्लॅट ३५ लाखांना ठरला. मुंब्रा ठाणे महापालिकेच्या हद्दीत येतो. तेथे मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे २ लाख ४५ हजार. (मुंबई शहरात हाच दर ६ टक्के आहे.) नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून ३० हजार. सोसायटीचे हस्तांतरण शुल्क महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५ हजार घेता येते. त्याहून अधिक रक्कम ‘डोनेशन’ म्हणून कोणी मागितली तर तिला शासनमान्यता नाही. झाले ३ लाख. अद्याप दलाली, वकिलाची फी, रंगरंगोटी, नळाचे काम, पंखे, टेम्पो यांपैकी काहीच धरलेले नाही. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घ्यायचे असेल तर त्यावर जीएसटी येतो. ४५ लाखांपर्यंतचा आणि ६० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचा फ्लॅट असल्यास १ टक्का, अन्यथा ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार इमारतीवर जीएसटी नाही. शुल्काची आकारणी कराराची रक्कम किंवा सरकारी रेडी रेकनरची किंमत, यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर होते, हेही ध्यानात असावे.

घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांकात १ टक्क्याची सवलत २०२१ पासून आहे. आपल्या उदाहरणात ३५ हजार वाचतील. काही लोक एवढ्यासाठीच पत्नीचे नाव लावतात आणि पुढे कधी वितुष्ट आले की, “नाव फक्त कागदावर होते,” असे सांगू लागतात. हे बरोबर नाही. पत्नीच्या नावे घेतले तर तिचे म्हणूनच घ्यावे. ज्यांचा मेहर वर्षानुवर्षे बाकी आहे त्यांनी या निमित्ताने तो फेडून टाकावा आणि तसे लिहून द्यावे.

स्वस्त कशामुळे?

एकाच रस्त्यावरच्या दोन इमारती, दोन्हींत तेवढीच खोली, तीच वस्ती, आणि भावात तिसऱ्या हिश्शाचा फरक, असे मुंब्रा-कौशात सर्रास आढळते. घेणाऱ्याला वाटते की नशिबाने चांगला सौदा हाती लागला. वास्तविक पाहता स्वस्त इमारतीला बहुधा महापालिकेची परवानगी नसते. परवानगी नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्र नाही, ते नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, बँक कर्ज देत नाही म्हणून गिऱ्हाईक कमी, आणि गिऱ्हाईक कमी म्हणून भाव कमी. उद्या आपण विकायला निघालो तर आपल्यालाही तेच थोडे गिऱ्हाईक आणि तोच पडका भाव मिळणार.

हा नुसता पैशाचा प्रश्न असता तर एक वेळ ठीक होते. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ येथे बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. तीत लहान मुलेही होती. बांधकाम पूर्ण होण्याआधीच तेथे माणसे राहायला आणली गेली होती. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शीळ भागातील १७ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तेथे पैसे गुंतवणारे लोक आपल्यासारखेच नोकरदार आणि लहान धंदेवाले होते.

दलालाचे ठरलेले उत्तर असे असते की, “टॅक्स पावती आहे, लाईटचे मीटर आहे, दहा वर्षांपासून लोक राहतात, काय होणार आहे?” महापालिका अनधिकृत बांधकामाकडूनही मालमत्ता कर वसूल करते, वर दंडही लावते. तो भरल्याने इमारत अधिकृत होत नाही. वीज मीटर म्हणजे तर केवळ वीज वापरल्याचा पुरावा. शिवाय मीटरवर जुनी थकबाकी आहे काय, हे पाहणे वेगळेच. मुंब्रा-शीळ-कळवा भागात १ मार्च २०२० पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर वीज वितरण करते. फ्लॅट घेण्यापूर्वी ताजे बिल मागून जुन्या व नव्या थकबाकीची खात्री तेथेच करून घ्यावी.

पाहण्याचे कागद थोडक्यात असे: जमिनीचा सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याची परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सर्व नोंदणीकृत करारनामे, सोसायटीचे भागपत्र, आणि प्रत्येक कराराची सूची क्रमांक २. ही सूची नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. नवीन इमारत ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवर असेल आणि तीत आठपेक्षा जास्त फ्लॅट असतील, तर महारेराची नोंदणी आवश्यक आहे. परंतु महारेराचा क्रमांक दिसला म्हणजे काम संपले, असे समजू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्या दाखवून असे क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणून परवानगीची झेरॉक्स घेऊन ती महापालिकेच्या नगररचना खात्यात नेऊन पडताळावी. अर्धा दिवस मोडेल. मोडू द्यावा.

शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून किंवा मुखत्यारपत्र लिहून फ्लॅट ‘विकण्याची’ रीत आपल्या वस्त्यांत अजूनही आहे. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. घराची खरेदी म्हणजे नोंदणीकृत दस्त, दुसरे काही नाही.

सूद टाळणाऱ्याने काय करावे?

आता आम्ही ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या मुद्द्याकडे येतो. जो मनुष्य बँकेचे कर्ज घेतो त्याच्या फ्लॅटची छाननी बँक स्वतःच्या स्वार्थासाठी करते. तिचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो, तिचा इंजिनिअर इमारत पाहून जातो, आणि कागद कच्चा निघाला तर कर्ज नामंजूर होते. कर्ज नामंजूर झाले तर त्या माणसाला वाईट वाटते, पण तो वाचलेला असतो. आपल्यातला जो बांधव सूदपासून दूर राहण्यासाठी कर्ज घेत नाही, दागिने विकतो, भावाकडून उसने घेतो, बिल्डरला हप्ते देतो, त्याच्या कागदांकडे मात्र असे कोणी पाहतच नाही. बिल्डरांनाही हे ठाऊक असते. ज्या इमारतीला बँक हात लावत नाही तिचे फ्लॅट अशाच दीनदार गिऱ्हाइकाला, मस्जिद जवळ आहे, शेजार आपला आहे, असे सांगून विकले जातात. दीनवर चालणाऱ्या माणसाच्या गळ्यात सर्वांत कच्चा माल पडावा, हे आम्हाला अत्यंत खटकते.

यावर इलाज अवघड नाही. बँक जे करते ते आपण पदरच्या पैशाने करावे. मालमत्तेचे काम करणाऱ्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा आणि एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला इमारत दाखवावी. वकील बिल्डरने सुचविलेला नसावा. आणखी एक साधी युक्ती आहे. कर्ज घ्यायचे नसले तरी, “या इमारतीला कोणत्या बँकेने कर्ज दिले आहे?” एवढे शेजाऱ्यांना अवश्य विचारावे. एकानेही घेतलेले नसेल तर त्याचे कारण शोधल्याशिवाय बयाणा देऊ नये.

पैसे कसे उभे करावयाचे, हा खरा कठीण भाग. आपल्या देशात बँकांकडून बिनव्याजी गृहकर्ज मिळत नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने ठरविल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. बिनव्याजी पतसंस्था आहेत, पण त्यांची मदत लहान रकमांची आणि थोड्या मुदतीची असते. दुकानाचे भांडवल अडले तर त्या उपयोगी, घराला पुऱ्या पडत नाहीत. तेव्हा राहतात ते तीन मार्ग. पहिला, बिल्डरचे हप्ते. रोखीचा भाव एक आणि हप्त्यांचा भाव जास्त, पण तो सौद्याच्या वेळीच कायम ठरलेला, अशा विक्रीला बहुतेक उलेमा जायज म्हणतात. हप्ता चुकला तर वाढत जाणारा दंड मात्र सूदच होय. रेराच्या नमुना करारात उशिराबद्दल व्याजाचे कलम असते आणि ते दोन्ही बाजूंना लागू होते. सही करण्यापूर्वी ते वाचावे व आपल्या मुफ्तींना दाखवावे. करारनामा नोंदविण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, हा कायदा आहे. “पहिले अर्धे द्या, मग रजिस्टर करू,” असे कोणी म्हटले तर तेथून उठावे.

दुसरा मार्ग भागीदारीचा. दोघे भाऊ मिळून फ्लॅट घेतात, एक राहतो, तो दुसऱ्याच्या हिश्शाचे भाडे देतो आणि ऐपतीप्रमाणे त्याचा हिस्सा विकत घेत जातो. हा व्यवहार हलाल आहे, परंतु हिस्सा प्रत्येक वेळी नोंदवायचा तर मुद्रांकही प्रत्येक वेळी लागतो. म्हणून थोडा थोडा हिस्सा न घेता दोन किंवा तीन टप्प्यांत घ्यावा. तिसरा मार्ग कर्जे हसना. येथे आमचा आग्रह एवढाच की, ते चेकने घ्यावे आणि लिहून घ्यावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा व साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे, तरी आपल्या घरांत, “भावाभावात कागद कसला?” असे म्हणतात आणि दहा वर्षांनी तोंड पाहत नाहीत. आयकर कायद्यानेही २० हजार किंवा त्याहून अधिक उसनी रक्कम रोखीने घेण्यास मनाई आहे, आणि २०१५ पासून घराच्या बयाण्याच्या रकमेलाही हाच नियम लागू आहे. दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

भाड्याने राहून पाहायचे असेल, आणि आमच्या मते प्रथम अकरा महिने भाड्यानेच राहून पाहावे, तर मुंब्र्यात ‘हेवी डिपॉझिट’ नावाचा प्रकार समोर येतो. चार-पाच लाख एकरकमी द्यायचे, भाडे नाही किंवा नाममात्र, आणि घर सोडताना सर्व रक्कम परत. लोकांना वाटते की फुकटात राहिलो. अनेक उलेमांनी याला नाजायज म्हटले आहे, कारण दिलेल्या कर्जावर मिळालेला तो फायदा आहे. गंमत अशी की, शासनाचा हिशेबही तेच सांगतो. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक काढताना परत मिळणाऱ्या ठेवीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळवतात आणि एकूण रकमेवर ०.२५ टक्के शुल्क घेतात. शरियतचा मुद्दा बाजूला ठेवला तरी धोका आहेच. मालकाने ती रक्कम दुसरीकडे गुंतवलेली असते आणि घर सोडायच्या वेळी तो नवा डिपॉझिटवाला मिळेपर्यंत थांबायला सांगतो. नेहमीचे भाडे, लहान ठेव आणि नोंदणीकृत करार हेच बरे. हा करार नोंदविणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे.

जुन्या खोलीचे काय?

मुंब्र्याच्या फ्लॅटसाठी डोंगरीची पगडीची खोली विकून टाकणारे पुष्कळ आहेत. पगडीच्या खोलीत आपण भाडेकरू असतो, मालक नव्हे. विकताना घरमालकाची संमती लागते आणि रिवाजाप्रमाणे तो साधारण तिसरा हिस्सा कापून घेतो. उरलेल्या दोन हिश्शांत आई-वडील, भाऊ, बहिणी यांचा संबंध येतो. वडिलांच्या हयातीत खोली विकून ती रक्कम एकाच मुलाच्या फ्लॅटमध्ये गेली, तर बाकीच्यांना काय देणार, हे त्याच बैठकीत ठरावे. बहिणींना वगळण्याची आपली वाईट सवय अशाच वेळी उघडी पडते.

दुसरी बाजूही पाहावी. शहरातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास झाल्यास राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेटचे घर मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. १२० फुटांची खोली आज विकणारा हा हक्कही विकत असतो. तो कधी पदरात पडेल याचा भरवसा नाही हे खरे, पण किंमत करताना तो धरला पाहिजे. इमारत धोकादायक असेल तर मात्र हक्कासाठी जीव टांगून राहू नये. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली तेव्हा ३३ माणसे गेली. म्हाडा दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी काढते. तीत आपले नाव असेल तर आधी बाहेर पडावे. हक्काची लिखापढी म्हाडाकडे बाहेर राहूनही करता येते.

आई-वडील खोलीत राहिले आणि मुलगा-सून बाहेर गेले, तर खोली वापरात राहते. सर्वच्या सर्व निघून गेले, खोलीला कुलूप लागले आणि योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने ती बंद राहिली, तर मालकाला ती परत मागण्याचे कायदेशीर निमित्त मिळते. वडिलांच्या पश्चात भाडेकरूचा हक्क त्यांच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, हेही विसरू नये. म्हणून रेशन कार्डातून कोणाचे नाव काढायचे आणि कोणाचे ठेवायचे, हे घाईने ठरवू नये. जो खरोखर जेथे राहतो त्याचे नाव तेथेच असावे. खोटा पत्ता पुढे अंगाशी येतो.

गाडी आणि तास

मुंब्रा ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ४० किलोमीटर. भिस्त धीम्या लोकलवर. मंगलदास मार्केटला जाणाऱ्याने मस्जिद बंदरला उतरून चालत जावे हे सोयीचे, पण घरापासून स्टेशनपर्यंत रिक्षा, गाडीची वाट आणि शेवटची पायपीट धरता दीड तास सहज जातो. जाऊन येऊन तीन तास. महिन्याला २६ दिवस धरले तर ७८ तास. दहा तासांचा कामाचा दिवस मानला तर महिन्यातले जवळजवळ आठ दिवस गाडीत गेले. पासचे पैसे त्या मानाने काहीच नाहीत. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास हा या शहरातला सर्वांत स्वस्त सौदा आहे, आणि तीन महिन्यांचा काढला तर आणखी थोडा स्वस्त पडतो. मीरा रोडचा माणूस पश्चिम रेल्वेने येऊन मरीन लाइन्सला उतरतो. त्याचा वेळ साधारण तेवढाच, घराचा भाव मात्र मुंब्र्याहून चढा. भिवंडीत घर स्वस्त आहे, पण भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावर असल्याने तेथून मुंबईला थेट लोकल नाही. ज्याचे काम लूमवर किंवा गोदामात आहे त्याच्यासाठीच भिवंडी ठीक.

सकाळच्या गाड्या कल्याण, डोंबिवली, दिव्याहून भरून येतात. मुंब्र्याला आत शिरायला जागा नसते, मग माणूस दारात लटकतो. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारातले प्रवासी खाली पडले आणि काही जणांचा जीव गेला. काही लोक उलट दिशेने डोंबिवलीपर्यंत जाऊन बसून येतात. हे करणाऱ्याने पास डोंबिवलीचा काढावा, नाहीतर वाचवलेल्या पैशांहून दंड जास्त भरावा लागेल.

घरी राहणाऱ्या बाईच्या तासांकडे आपल्यात फारसे कोणी पाहत नाही. डोंगरीत मूल आजारी पडले तर सासू असते, शेजारीण असते, जे. जे. रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर असते. मुंब्र्यात नवरा सकाळी साडेआठला गेला की रात्री दहाला येणार. मध्ये सारे तिच्यावर. महापालिकेचे मोठे रुग्णालय कळव्याला आहे. म्हणून घर पाहायला तिला सोबत न्यावे, रविवारी न नेता कामाच्या दिवशी न्यावे, आणि इमारत मस्जिदीपासून किती लांब हे विचारण्याबरोबर दवाखाना, शाळा आणि पाण्याची वेळ यांचीही चौकशी तिलाच शेजारणींकडे करू द्यावी. टँकरवर किती खर्च होतो, हे सोसायटीचा सेक्रेटरी सांगणार नाही, तिसऱ्या मजल्यावरची बाई सांगेल. पाहायचे ते जुलैत, भर पावसात. डोंगराच्या पायथ्याच्या इमारतींत कोठे पाणी शिरते आणि कोणत्या भिंतीला ओल धरते, ते तेव्हाच दिसते. हलायचे मात्र मे महिन्यात. शाळेचा दाखला वर्ष संपताच मागून ठेवावा. उर्दू माध्यमातून शिकणारी मुले असतील तर पुढच्या इयत्तांचे वर्ग जवळपास आहेत काय, हे चौथीतच पाहावे, नाहीतर सातवीनंतर माध्यम बदलण्याची पाळी येते.

दुकानमालकांनाही यात काही करण्यासारखे आहे. आमच्या बाजारात निम्मी माणसे आता लांबून येतात. रात्री आठनंतर हिशेब मिळवायला बसणे ही जुनी रीत. तोच हिशेब दुपारी जोहरनंतर गिऱ्हाईक कमी असते तेव्हा निम्मा उरकता येतो. चावी जवळ राहणाऱ्याकडे ठेवली तर मुंब्र्याच्या माणसाला सकाळी अर्धा तास उशिराची गाडी धरता येते. रमजानमध्ये गाडीतच खजूर वाटून इफ्तार करणारे आपले लोक आपण पाहतो. त्या महिन्यात त्यांना असरनंतर सोडावे. आणि जुना, भरवशाचा माणूस घरासाठी सूदवर कर्ज काढणार असल्याचे कानावर आले, तर बयाण्यापुरती रक्कम पगारातून कापून घेण्याच्या बोलीवर चेकने व लेखी द्यावी. तीनशे तागे उधार देताना आपण ज्याच्या शब्दावर माल सोडतो, तोच हा माणूस असतो.